गळ्याची शपथ

"आई आत आहे तिची. तुम्ही कोण?"

आयसीयूच्या दारावरचा वॉचमन खुर्चीवरून उठलासुद्धा नाही. मंगल त्याच्याकडं बघतच राहिली. साडीवरनं घातलेला नवऱ्याचा जुना शर्ट, बाह्या उसाच्या चिकटानं काळ्या पडलेल्या, हातांवर पाचटानं ओरबाडलेल्या रेघा. फडात कोयता टाकला तशी ती निघाली होती. जीप, मग एसटी, मग पुन्हा जीप. रस्ताभर घशाखाली पाणी उतरलं नव्हतं. आणि अंबाजोगाईच्या ह्या दवाखान्याचा जिना चढून वर आल्यावर हा बाबा विचारतो, तुम्ही कोण!

"मीच आई हाय तिची," मंगल म्हणाली.

"मग आत कोण आहे?"

तिचा नवरा शहादेव मागनं पिशवी घेऊन धापा टाकत आला. "दादा, आत हाय ती पोरीची चुलती. माझी भावजय. आई ही हाय, ही."

"मला तर सगळे तीच आई म्हणून सांगतात." वॉचमननं मंगलला वरपासून खालपर्यंत बघितलं. "एका पेशंटला एकच माणूस. पास एकच. ती बाहेर आली की मग जा."

सख्ख्या आईनं दाराबाहेर थांबायचं आणि जावेनं आत बसायचं! मंगलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोरीला साप चावला ह्या भीतीनं ती वाटभर थरथरत आली होती. आता त्या थरथरीत दुसरंच काहीतरी मिसळलं. आणि ते काही आजचं नव्हतं, जुनंच होतं.

दार उघडून चतुराबाई बाहेर आली. पायात चप्पल नाही, टाचांच्या भेगांत माती, पदराला शेरडांचा वास. मंगल दिसली तसं तिला रडूच फुटलं.

"आलीस गं बाई! बघ काय झालं ह्ये आपल्या लेकराला."

आपल्या. मंगलनं तेवढंच ऐकलं.

"तुमी आई म्हनून सांगितलं व्हय हितं?"

चतुराबाईचं रडणं जागच्या जागी थांबलं. "कुनी काय इचारलं न् मी काय बोलले, मला काय ठावं? पोरीचं डोळं मिटत चाललं व्हतं. म्हनलं, व्हय, माझीच हाय, पन आदी आत घ्या." तिनं गळ्यातला दोरीचा पास काढला आणि मंगलच्या गळ्यात घातला. "जा. उजव्या हाताची दुसरी खाट."

स्वतःच्या पोरीची खाट कुठली, हेही जावेनंच सांगायचं.

आत गारठा होता. मोहिनीच्या तोंडात नळी होती आणि नळी मशीनला. मशीन सुस्कारे टाकत होतं आणि त्या सुस्काऱ्यांवर आठ वर्षांच्या पोरीची छाती वर-खाली होत होती. पापण्या मिटलेल्या. मंगलनं तिचा हात उचलला तर तो मनगटातून लोंबला, सोडला तर जिथं सोडला तिथंच पडला. "मोहिनी, आगं बाय," म्हणून मंगलनं हाका मारल्या. पोर हूं की चूं करीना.

आणि केसांना तेल होतं. दोन घट्ट वेण्या, भांग नीट पाडलेला, टोकाला लाल रिबिनी. चतुराबाईच्या हातच्या वेण्या. त्या वेण्या मंगलला जितक्या लागल्या, तितकी नळीही लागली नव्हती. आता ह्याला काय म्हणावं? पण तसं झालं खरं.

दरसाल दिवाळी झाली की मंगल आणि शहादेव ऊस तोडायला जात. पोर लहान होती तोवर बरोबर नेली, फडात पाचटावर निजवली. शाळेत घातल्यापासून मात्र युसूफ वडगावच्या अंगाला त्यांची वस्ती आहे, तिथं चतुराबाईपाशी ठेवू लागले. शहादेवचा थोरला भाऊ वारलेला. त्याची एकच पोरगी, ती गेवराईकडं दिलेली. घरात चतुराबाई आणि तिची शेरडं. मोहिनी आधी तिला 'मोठी माय' म्हणायची, चुलतीला सगळीच पोरं म्हणतात तशी. एका साली फडावरून परत आल्यावर मंगलनं ऐकलं तर 'मोठी' कुठंतरी गळून गेलं होतं. नुसतीच माय. मंगल आई, पण फोनवरची. फोन लावला की पोर दोन शब्द बोलायची न् म्हणायची, "ठिवते गं आई, मायसंगं शेरडं घिऊन जायचंय." मंगल कोपीच्या, फडावरच्या पाचटाच्या झोपडीच्या, तोंडाशी बंद फोन हातात धरून बसायची आणि शेरडांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची.

म्हणून ह्या वर्षी निघायच्या आधी तिनं आपल्या जुन्या साड्यांची गोधडी शिवली. पावसाळाभर शिवली. पोरीच्या अंगाखाली निदान आपलं काहीतरी असावं एवढीच तिची हाव.

बाहेर बाकड्यावर सारजाबाई नावाची म्हातारी बसलेली असायची. तिचा नवरा आत होता आणि तिला बोलायला माणूस लागायचं. मंगल शेजारी टेकली तशी तिनं सुरुवात केली.

"तुमच्या जावंनं लई केलं हो! रातच्याला पोर भुईवर निजली व्हती. पहाटं म्हनली पोटात दुखतंय. शेजारच्या बाया म्हनल्या अपचन हाय, ताक पाजा. हिनं पोरीच्या पापन्या बघितल्या, तर उघडंचनात. मागं हिच्या शेरडाला मण्यार चावली तवा बी आसंच झालतं म्हनं. तशीच पोर खांद्यावर टाकली न् अनवानी पळाली रोडपातूर. दुधाच्या गाडीपुढं आडवी झाली. डॉक्टर म्हनला, आजून थोडा वकुत गेला आसता तर पोर हाताला लागली नसती."

"आसं व्हय," मंगल म्हणाली.

आपली पोर वाचवणारी बाई समोर भिंतीला टेकून बसली आहे, तिचे पाय सोललेत, हे मंगलला दिसत होतं. तिचे पाय धरावेत असंही वाटलं. पण सारजाबाईनं पुन्हा "लई केलं हो" म्हटलं आणि ते वाटणं विझलं. आपण पळायला हवं होतं. आपले पाय सोलायला हवे होते. आपण तिकडं परमुलखात दुसऱ्याचा ऊस तोडत होतो आणि पळायचा मानसुद्धा हिनंच घेतला.

शहादेवनं विचारलं, "वैनी, घरात बाज आसताना पोर भुईवर कावून निजली?"

चतुराबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "निजली आपली. पोरांच्या मनाचं काय!"

"पोरीच्या मनाचं?" मंगल कडाडली. "तुमी बाजंवर न् माझी पोर भुईला? सोताची आसती तर निजवली आसती का भुईला, सांगा की!"

चतुराबाईनं मान वर करून मंगलकडं बघितलं.

"आगं, ही वेळ हाय का भांडायची?" शहादेव दबक्या आवाजात म्हणाला.

"वेळ बघून आलता का साप?"

सारजाबाईनं तोंड दुसरीकडं फिरवलं. चतुराबाई उठली आणि काही न बोलता नळाकडं गेली. ती गप्प बसली म्हणजे चूक तिचीच, असं मंगलनं मनाशी पक्कं केलं. त्यानं तिला जरा बरंही वाटलं.

पास मंगलच्या गळ्यात पडला तो पडलाच. तोंड धुताना तो ती पाठीवर टाकायची, निजताना मुठीत धरायची. चतुराबाईनं एकदा म्हणून बघितलं, "सांजच्याला मला जाऊ दी. नुसती बघून येते."

"मी हाय न्हवं," मंगल म्हणाली.

शहादेव वहिनीला म्हणाला, "तुमी जावा आता वस्तीवर. शेरडं वाऱ्यावर पडलीत." शेरडं शेजारच्या बायनाबाईच्या गळ्यात मारून ती आली होती आणि बायनाबाई रोज फोनवर करवादायची. चांदी नावाची शेळी व्यायली, तेही फोनवरच कळलं. चतुराबाईनं विचारलं, "किती दिली?" दोन दिली म्हटल्यावर "बरं," म्हणाली, आणि पुन्हा भिंतीला टेकली. "पोर बोलेस्तवर मी हालत न्हाई," तिनं दिराला सांगितलं. "हाकलून दिलं तरी न्हाई."

आत मात्र मंगलचंच राज्य होतं. ती पोरीचे तळवे चोळायची, ओठ ओल्या कापडानं पुसायची. वेण्या सोडून तिनं पहिल्याच दिवशी पुन्हा घातल्या, स्वतःच्या हातानं. ऊसतोडीनं बोटं इतकी जाड झालेली की भांग वाकडा पडला आणि एक वेणी खाली, एक वर आली. तिला ते दिसलं. तिनं तसंच ठेवलं.

एका सकाळी तिचं तोंड सुटलं. आजूबाजूला कुणी नव्हतं आणि पोर तर निपचित. मंगल कानाशी वाकून पुटपुटायला लागली.

"माय माय करायचीस. बघ आता तुजी माय. सोता बाजंवर निजली न् तुला भुईवर टाकलं सापापुडं. न् आता कुटं हाय ती? गेली की गावाला. चांदी व्यायली म्हनल्यावर पळाली. तिला शेरडं पयली बाय, तू मागनं. कोन हाय तुज्यापाशी? आईच हाय. ध्यानात ठिव."

पोरीच्या मिटल्या डोळ्यातून पाणी आलं. एक धार कानाकडं गेली, मग दुसऱ्या डोळ्यातून आली. मंगलला वाटलं औषधाचं असेल. तिनं पदरानं पुसलं. पुन्हा आलं.

विजयमाला सिस्टर सलाईन बघायला आली होती. "अगंबाई, रडतीये ती. काय बोललात तिला?"

"रडंल कशी? बेसुद हाय न्हवं?"

"बेशुद्ध कुठंय मावशी? मण्यारीच्या विषानं अंग लुळं पडतं. पापणी उचलत नाही, बोट हलत नाही, पण ऐकू सगळं येतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की तुमच्या मालकांना! तिच्याशी चांगलंचुंगलं बोला. घाबरवू नका."

मालकांना सांगितलं होतं आणि मालकांनी मान हलवली होती. डॉक्टरापुढं शहादेव सगळ्यालाच मान हलवायचा.

सिस्टर गेली. मंगल खाटेची कड धरून उभी राहिली. पोरीनं सगळं ऐकलं. आता ह्या घडीला सांगायला हवं होतं की माय कुठं गेली नाही, ती दाराबाहेर बसली आहे. शब्द ओठापर्यंत आले. पण माय बाहेर आहे म्हटलं की पोर मनातल्या मनात काय म्हणणार? तिला आण म्हणणार. आणखी काय म्हणणार? मंगलनं पोरीचे डोळे पुसले.

"मी हाय न्हवं, बाय," ती म्हणाली. "मी हाय."

पाणी यायचं थांबलं नाही.

पुढं पोरीची बोटं हलायला लागली. मग पापण्या चिरभर उघडल्या. शहादेव काचेतून बघून लहान पोरासारखा रडला. डॉक्टर म्हणाले, विष उतरतंय, आता मशीन कमी करून बघू, तिचा तिला श्वास घेता आला पाहिजे.

मंगल उशाशी उभी होती. डॉक्टरांनी मशीनचं बटण फिरवलं. पोरीनं दोन श्वास घेतले आणि तिसऱ्याला तिचे डोळे भिरभिरायला लागले. आधी मंगलवर आले, तिथून दाराकडं गेले, पुन्हा मंगलवर, पुन्हा दाराकडं. मानेच्या शिरा तटतटल्या. छाती भात्यासारखी उडायला लागली आणि वरचं यंत्र किंचाळायला लागलं. "मी हाय, बाय, मी हाय!" मंगल ओरडत होती. जितकी ती ओरडली तितकी पोर जास्तच झगडली. शेवटी डॉक्टरांनी मशीन होतं तसं केलं.

बाहेर येऊन ते शहादेवला म्हणाले, "ताकद आली आहे तिच्यात. भीतीनं श्वास पकडत नाहीये. नजर सारखी दाराकडं जाते, कुणाला तरी शोधतेय ती. उद्या परत बघू. नळी फार दिवस ठेवली तर छातीत जंतू होतात, मग अवघड आहे. घरात कुणाचं ऐकते ती?"

शहादेवनं बायकोकडं बघितलं नाही. "वैनीचं," तो म्हणाला.

डॉक्टर गेले तशी मंगल त्याच्यावर उखडली. "तुमाला बी तीच दिसली व्हय?"

"खरं त्ये सांगितलं."

"नऊ म्हैने प्वाटात वागवली मी. पोटुशी आसताना मोळ्या डोक्यावर घिऊन ट्रकात चढले. न् ऐकती कुनाचं, तर वैनीचं!"

"आगं, पोर जगली तर कुनाचं बी ऐकंल की," शहादेव म्हणाला. "आदी जगू तर दी."

मंगल पाण्याची बाटली घेऊन तरातरा खाली उतरली. भरायची होती म्हणून नाही, नवऱ्याचं तोंड बघवेना म्हणून. दवाखान्याच्या मागं ऊन पडलं होतं. नातेवाईकांनी कंपाउंडच्या भिंतीवर टॉवेल, धोतरं, चादरी वाळत टाकल्या होत्या. त्यात तिला हिरवा काठ दिसला. तिच्या लग्नातल्या साडीचा काठ. त्याच्या कडेनं तिनंच घातलेले आखूड टाके.

चतुराबाई गोधडी उलटीपालटी करत होती. पोर त्यातच गुंडाळून आणली होती. वाटेत ती त्यावर ओकली, डाग जाईना म्हणून आज पुन्हा धुतली.

मंगल गोधडीपाशी थांबली. आणि तिला आठवलं. विसरली कधीच नव्हती म्हणा. आठवायचं टाळत होती.

निघायच्या सकाळी दारात ट्रॅक्टर उभा होता, मुकादम हाका मारत होता. तिनं पोरीला घरामागं नेलं होतं, ही गोधडी तिच्या हातात दिली होती आणि म्हणाली होती, "आता मायच्या कुशीत निजायचं न्हाई. तिच्या बाजंवर बी न्हाई. माझ्या गोधडीवर येगळं निजायचं." पोर म्हणाली, "का पन?" तेव्हा मंगलनं तिचा हात ओढून आपल्या गळ्याशी नेला, गळ्याचं कातडं तिच्या चिमटीत दिलं आणि म्हणाली, "घी शपथ. मोडलीस तर आई मरंल तुजी." पोर भेदरली होती. तिनं शपथ घेतली होती.

मायच्या घरात बाज एकच होती.

"आक्का," मंगल म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. "ती भुईवर का निजायची?"

चतुराबाई गोधडीचा कोपरा सरळ करत राहिली.

"सांगा की!"

"तुला ठावं हाय," चतुराबाई म्हणाली. "पयल्या दिवशी म्हनलं, वर ये, भुई गार पडली. तर म्हनली, न्हाई, आईच्या गळ्याची शपथ हाय, आई मरंल. मी बाज दिली, म्हनलं तू वर नीज, मी खाली निजते. तर म्हनली, तुज्या बाजंवर न्हाई निजायचं मला. मंग मी बी खाली निजले तिच्याजवळ. माझी बी वाकळ भुईवरच व्हती मंगल. सापानं तिला धरलं, मला न्हाई धरलं."

"मंग मी एवडं बोलले सगळ्यांम्होरं, तवा का सांगितलं न्हाई?"

"सांगून काय तुझं तोंड काळं करायचं व्हतं?" चतुराबाई आता फिरली. तिचे डोळे लाल होते. "तू पोरीसाटी फडातनं पळत आलेली. शहादेवनं ऐकलं आसतं तर जल्मभर तुला टोचून खाल्लं आसतं. म्हनून गप बसले. पन येक सांगते. मला बी राग हाय तुझा. लई हाय. इतके दिस झाले, पोरीचं तोंड बघू दिलं न्हाईस. मी कुटं तुझी पोर मागितली? पोर उटू दी, मंग भांडू आपून. तुला पुरून उरंल इतकं भांडन हाय माझ्यापाशी."

मंगलला भांडणच हवं होतं. गोधडीवर हात ठेवून ती उभी राहिली. चतुराबाई चांगली आहे, हे तिला कळलं होतं, आणि त्याचाच तिला जास्त राग येत होता. वाईट असती तर सोपं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर यायच्या आधी मंगल आत गेली. पोरीचे डोळे अर्धे उघडे होते. मंगल आली तशी त्यांनी तिच्यामागं दाराकडं बघितलं. मागं कुणी नव्हतं.

मंगल वाकली. तिनं पोरीची लुळी बोटं उचलली आणि आपल्या गळ्याला लावली. शपथ ज्याच्या गळ्याची, त्यानंच 'सुटली' म्हणायचं असतं, हे वस्तीवरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

"सुटली," ती म्हणाली. "शपथ सुटली, बाय. मी काय मरत न्हाई. तू निज मायच्या बाजंवर. न् मी खोटं बोलले. माय कुटं गेली न्हाई. दाराच्या भाईर हाय ती, मीच आत यिऊ दिली न्हाई. तिनं तुला भुईवर टाकलं न्हाई, माझ्यापायी तू निजलीस. आता तिला धाडते. पन श्वास घी. तिच्यासाटी घी, न्हाईतर कुनासाटी बी घी."

पोरीची बोटं तिच्या गळ्यावर किंचित हलली. मंगलनं ती खाली ठेवली आणि बाहेर आली. बाकड्यापाशी जाऊन तिनं गळ्यातला पास काढला. दोरी केसात अडकली, ती ओढून काढावी लागली.

"जावा," ती चतुराबाईला म्हणाली. "हात धुवा आदी. न् पायात ह्या घाला, आत अनवानी सोडत न्हाईत." तिनं आपल्या चपला पुढं सरकवल्या. सोडत होते, पण दुसरं काही बोलायला सुचलं नाही.

मग ती काचेला नाक लावून उभी राहिली. वॉचमन "मागं व्हा" म्हणाला, तिनं ऐकलं नाही.

आत चतुराबाई खाटेपाशी गेली. पोरीचे डोळे तिच्यावर गेले आणि तिथंच थांबले, पुन्हा दाराकडं आले नाहीत. डॉक्टरांनी बटण फिरवलं. चतुराबाईनं पोरीच्या छातीवर हात ठेवला होता आणि ती काहीतरी बोलत होती. काचेतून ऐकू येत नव्हतं, पण मंगलला ओठांवरून कळत होतं, चांदीच्या करडांचंच चाललं असणार. एक पांढरं, एक काळं, काळं लई वांड, आसलंच काहीतरी. पोरीची छाती वर गेली. खाली आली. पुन्हा वर गेली. यंत्र गप्प होतं.

पोर श्वास घेत होती. मंगलच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या, आणि तिच्या मनात एकच होतं, की तो हात आपला का नाही. पोर जगली ह्याचा आनंद होत होता आणि हेही होत होतं, दोन्ही एकदम. शहादेवनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिनं तो झटकला.

नळी निघाली. पोरीला खालच्या वॉर्डात आणलं. तिथं पासबीस नव्हता, पण एका खाटेला एकच स्टूल होतं आणि दोघी जावा आळीपाळीनं त्यावर बसत. भांडण काही झालं नाही. चतुराबाई म्हणायची, "घरी गेल्यावर बघते तुला," आणि वाटीत पेज ओतायची.

एका दुपारी ती मंगलच्या चपला घालून चहा आणायला खाली गेली होती. शहादेव बाहेर मुकादमाशी फोनवर बोलत होता. मंगल पोरीला चमच्यानं पेज भरवत होती.

"आई," पोर म्हणाली. नळीनं घसा पार बसला होता, जीव एकवटून एकेक शब्द यायचा.

"आं?"

"तू म्हनत व्हतीस ना. माय शेरडांकडं गेली म्हनून. तिनं मला सापापुडं टाकलं म्हनून."

मंगलचा चमचा वाटीतच राहिला.

"मला समदं ऐकू येत व्हतं."

मंगलला वाटलं, आता जमीन फाटली तर बरं. पोर तिच्याकडं बघत होती. मोठ्या माणसासारखं, जरा दया आल्यासारखं.

"मी मायला न्हाई सांगनार," पोर म्हणाली. "तिला लई रडू यील." तिनं हात उचलला. तो अर्ध्या वाटेत थकला, पुन्हा वर आला. तिनं मंगलच्या गळ्याचं कातडं चिमटीत धरलं. "तुज्या गळ्याची शपथ."

खोटं कशाला बोला, मंगलला आधी आनंदच झाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा पोरीचं काहीतरी तिच्या एकटीपाशी होतं. मायला ठाऊक नाही असं. चिमटीत जोर नव्हता, तरी त्या दोन बोटांची ऊब गळ्याला लागत होती. राहू दे की, तिला वाटलं. बाकी समदं तर तिचंच हाय. येवडं राहू दे माझ्याकडं.

मग तिला हिरव्या काठाची गोधडी आठवली. ती खाटेखाली घडी करून ठेवली होती.

बाहेरच्या फरशीवर चपला वाजायला लागल्या. मंगलच्याच चपला, पण चाल चतुराबाईची. मंगलनं पोरीची बोटं गळ्यावर तशीच राहू दिली. दारापाशी येईस्तोवर राहू दिली.

चतुराबाई चहाचे कप सांभाळत आत आली. "काय म्हंती गं पोर? गळा का धरलाय आईचा?"

पोरीनं ओठ गच्च मिटले.

"सुटली," मंगल पोरीला म्हणाली.

"काय सुटली?" चतुराबाईनं कप खाली ठेवत विचारलं.

मंगल स्टुलावरून उठली. पदरानं स्टूल पुसलं.

"बसा आक्का," ती म्हणाली. "सांगते."